बेलाला लोखंड

मन्मथअप्पांच्या दुकानात काहीही मागितलं तर ती वस्तू मिळायच्या आधी एक प्रश्न मिळायचा. कशाला पाहिजे? विळा मागा, खुरपं मागा, नाहीतर सुतळी कापायचा दीडदमडीचा चाकू मागा, अप्पा चष्म्याच्या वरून गिऱ्हाइकाकडे बघायचे आणि विचारायचे. झरीच्या बाजारगल्लीत त्यांच्या दुकानाला लागूनच माझं ब्लाऊज शिवायचं दुकान, मधे नुसता पत्रा. त्यामुळे हा प्रश्न मला दिवसभर ऐकू यायचा, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला माझं डोकंच उठायचं. अरे बाबा, माणूस विळा घेतो तो गवत कापायलाच ना, का दाढी करायला?

मी पहिल्यांदा कात्री घ्यायला गेले तेव्हा मलाही सुटका नव्हती. मी म्हटलं, अप्पा, ब्लाऊज शिवणारी बाई कात्री कशाला घेत असेल, डोंगर कापायला? ते रागावले नाहीत. सुती जास्त येतं का पॉलिस्टर, अस्तर त्याच कात्रीनं कापता का, डावा हात चालतो का उजवा, सगळं विचारून घेतलं आणि मग दोन कात्र्या काढून फळीवर ठेवल्या. कापडाची एक, अस्तराची दुसरी. काही दिवसांनी माझ्या जावेनं त्यातल्या चांगल्या कात्रीनं गोळ्यांचं पाकीट कापलं. मी दुसऱ्या दिवशी कापड बेतायला बसले तर पत्र्यापलीकडून आवाज आला, सुमनबाई, कात्रीनं काल काय खाल्लं? कात्रीच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. मी जावेच्या नावानं जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"हत्याराला पोट असतंय बाई," असं ते म्हणायचे. "त्येला काय खायला घालणार, ते दुकानातच ठरलं पाहिजे. मागून लोखंड ऐकत न्हाई."

अंगानं काटक, उंच, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यात सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीत लिंग. सकाळी आणि दिवेलागणीला ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे, त्याशिवाय तोंडात घास जायचा नाही. एकदा तापानं फणफणले होते, तरी उठून बसले आणि तळहात पुढे केला. त्यांची आणखी एक सवय होती. लोखंड कधी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. हातातून हातात दिलेलं धारदार लोखंड भांडण लावतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात, पण घाईगडबडीत कोण लक्षात ठेवतंय? अप्पा ठेवायचे. वस्तू फळीवर ठेवायची, बोटानं पुढे सरकवायची, तुम्ही उचलायची.

त्या प्रश्नाची किंमत मला कुऱ्हाडीच्या दिवशी कळली. भर उन्हात एक माणूस आला, डोळे लाल, कुऱ्हाड द्या म्हणाला. अप्पांनी विचारलं. तो म्हणाला, लाकडं फोडायला. अप्पांनी त्याला पाणी दिलं, बसवलं, कुठली लाकडं, बाभळीची का लिंबाची, ओली का वाळलेली, असं विचारत राहिले. तो माणूस सांगता सांगता गप्प झाला. अप्पा म्हणाले, दांडा बसवायचाय, उद्या न्या. तो उठून गेला, आणि उद्या काही आला नाही. मागाहून कळलं, बांधावरून भावाशी हातघाईवर आलेला होता. अप्पांना मी म्हटलं, तुम्ही आज एक जीव वाचवलात. तर म्हणाले, मी फक्त इचारलं. त्या दिवसापासून त्या प्रश्नानं माझं डोकं उठणं बंद झालं.

आता गयाबाईचं सांगते. आमच्या दुकानांच्या मागच्या अंगाला तिचं घर, पुढे अंगण, मागे मोठं परस. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घर-परस तिच्या नावावर. दारात बेलाचं जुनं झाड, त्याच्या फांद्या भिंतीवरून गल्लीत आलेल्या. दर सोमवारी ती पहाटे अंघोळ करून हातानं बेल खुडायची आणि पितळी ताटलीत घालून अप्पांना आणून द्यायची. हातानंच. त्या झाडाला लोखंड लावायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा हातानं मोडायची, हा तिच्या घरचा नेम. अप्पा ती ताटली दोन्ही हातांनी घ्यायचे. बाई मनानं गायीसारखी, पण पोटात शब्द राहायचा नाही. सकाळी तिला सांगितलेलं दुपारी एसटीच्या कंडक्टरलाही माहीत. तिचा एकुलता एक मुलगा बालाजी, झरी-परभणी जीप चालवायचा. पोरगा देखणा, बोलायला गोड, आणि सारखा मोबाईलमध्ये नाक घातलेला.

त्या पावसाळ्यात शेजारच्या एका गावात धाड पडली होती. तुरीच्या ओळींमधे गांजा लावलेला सापडला. लावला पोरांनी, पण जमीन म्हाताऱ्या बापाच्या नावावर. पोरं पळाली आणि म्हातारा धोतर सावरत पोलिसांच्या गाडीत चढला. आठ दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. अप्पा त्यावर काही बोलले नाहीत, पण कुणी तो म्हातारा गाडीत कसा चढला ते सांगायला लागलं की उठून आत जायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बालाजी दुकानात आला. मी तिथंच होते, कात्रीला धार लावून घ्यायला गेलेली. त्यानं मोबाईलवर कात्रीचं चित्र काढून अप्पांपुढे धरलं. अप्पांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. त्यांनी फळीवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. फांद्या छाटायची मोठी कात्री काढली, बालाजी म्हणाला, ही नको, लय जड. मी वापरते तसली दोरे तोडायची छोटी कात्री काढली, तिला टोक बरोबर नाही. मेंढ्यांची लोकर कातरायची काढली तर तो हसला. शेवटी अप्पांनी खणातून एक बारीक कात्री काढली, निमुळत्या टोकाची, मधे स्प्रिंग असलेली, दाबली की मिटते आणि सोडली की आपोआप उघडते. बालाजीचे डोळे चमकले. त्यानं ती उचलली, पाच-सात वेळा चालवली, टोक नखावर घासून बघितलं. दिवसभर चालवली तर बोटं दुखणार नाहीत ना, असं विचारलं. पाती उघडून उन्हात धरली. मग म्हणाला, हिला चिकटत तर न्हाई ना काही?

अप्पांनी विचारलं, कशाला पाहिजे?

"आईच्या बेलाला," बालाजी म्हणाला.

अप्पा अगदी हळू म्हणाले, "बेल चिकटत न्हाई, बालाजी. आन् तुज्या बापानं त्या झाडाला कधी लोखंड लावलं न्हाई." त्यांनी कात्री उचलून परत खणात ठेवली. "ही विकायची न्हाई."

बालाजीचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. आता सगळं घरपोच येतं, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला. मी अप्पांना विचारलं, काय झालं? ते एवढंच म्हणाले, परस गयाबाईच्या नावावर हाय. मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तुरीतल्या गांजापायी गाडीत चढलेला तो म्हातारा डोळ्यांपुढे आला. परसात शेवग्यापलीकडे तुराट्यांचा उंच आडोसा बालाजीनं केला होता. आत शोभेची झाडं लावलीत, पोराला नाद लागलाय, असं गयाबाई कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरायची.

अप्पा दोनदा जीपच्या थांब्यावर जाऊन आले. दोन्ही वेळा बालाजीनं त्यांना बघून जीप सुरू केली. गयाबाईला सांगायची सोय नव्हती. तिला सांगणं म्हणजे चावडीवर सांगणं. पोलिसात सांगायचं तर पहिली उचलणार तिलाच. मी म्हटलं, अप्पा, आपण काय करणार, ज्याचं तो बघेल. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसांत धार लावताना दोनदा बोट कापून घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या बोटाला चिंधी बघितली नव्हती.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते, आणि या गल्लीची चाल अशी की पूजा अप्पांच्या दुकानापुढे. अप्पा काळं घोंगडं अंथरायचे, गल्लीतली बायामाणसं आपापलं हत्यार आणून त्यावर मांडायची. माझ्या कात्र्या, सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, कुणाची विळी, कुणाची पहार. हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लोखंडाला वर्षातून तेवढीच सुट्टी. आमच्या भागाचे पोलीस जमादारही दरवर्षी प्रसादाला यायचे. माणूस वाईट नव्हता, पण नजर मांजराची.

पूजा मांडून झाली, अप्पा हळदीचं ताट घेऊन बसले, जमादार खुर्चीवर टेकले, आणि गयाबाई लगबगीनं आली. पदरात घरातलं लोखंड गोळा करून आणलेलं. विळी, अडकित्ता, खलबत्त्याचा बत्ता, आणि सगळ्यात वर एक स्प्रिंगची बारीक कात्री. बालाजीच्या खोलीत सापडली, नवी हाय, तिलाबी हळदकुंकू लागू द्या, असं म्हणत तिनं ती घोंगड्यावर अगदी पुढे ठेवली. तिचं काय चुकलं? खंडेनवमीला घरातलं एकही हत्यार मागे ठेवायचं नसतं, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं.

कात्रीच्या पात्यांवर काळपट हिरवा थर होता, डिंकासारखा. त्याला वास होता, ओला आणि उग्र. मी वीतभर अंतरावर बसले होते, मला आला. जमादार दोन हातांवर.

अप्पांनी ताटातली मूठभर हळद उचलली आणि त्या कात्रीवर ओतली. एरवी दोन बोटं लावणारा माणूस. वर कुंकू ओतलं, वर झेंडूची फुलं ठेवली. मंत्र चुकला नाही. जमादारांचं लक्ष गेलंच. नव्या तऱ्हेची दिसतेय, असं म्हणत ते खुर्चीवरून वाकले, हात पुढे केला.

"आज न्हाई, जमादारसाहेब," अप्पा म्हणाले. "आज ते पूजेला बसलंय."

हात तिथंच थांबला. बरं, उद्या सोनं द्यायला येतो तेव्हा बघू, घरी कढीपत्त्याला बरी होईल तसली, असं म्हणून जमादारांनी प्रसाद घेतला आणि ते गेले.

दुपार कलली तसे अप्पा माझ्या दारात आले. गयाबाईला ब्लाऊजच्या मापाला बोलवा, म्हणाले, दिवे लागेपर्यंत सोडू नका. मग माझ्यादेखत ते घोंगड्यापाशी गेले, वाकले आणि पूजेतला आपला विळा उचलला. लोकांना वर्षानुवर्षं हात लावू न देणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, विळा पंच्यात गुंडाळला आणि मागच्या बोळात शिरले.

गयाबाई आली. मी तिचं माप घेतलं, परत घेतलं, परत घेतलं. ती म्हणाली, अगं, माझा दंड काय वाढायलाय का घडीघडीला? मी म्हटलं, फीत नवी आहे. तिला चहा पाजला, तिच्या भावजयीची निंदा काढली, त्यात ती रमली. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. बालाजी उतरला, आईला इथं बघून त्याचा चेहरा बदलला. घराला कुलूप हाय का, विचारलं. ती म्हणाली, न्हाई बाबा, मी हितंच तर आले. मी म्हटलं, बालाजी, जरा थांब, हा पंखा बघून दे. तो थांबला नाही, बोळात पळाला. त्याच्या हातात जीपची चावी होती, अप्पांच्या हातात विळा, आणि मी इथं फीत धरून बसलेली. मागून काही आवाज आला नाही, ओरडणं नाही, काही नाही, आणि त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटत होती.

दिवे लागले तेव्हा अप्पा परत आले. धोतराला शेण, दोन्ही हात काळेहिरवे. मागून बालाजी, मान खाली, हातात अप्पांचा विळा. त्यानं आईला सांगितलं की झाडांना कीड लागली, काढून टाकली. ती हळहळली. परसात काय झालं ते अप्पांनी कधी सांगितलं नाही. बालाजीनं पुढे एकदा मला एवढंच सांगितलं, की मी गेलो तेव्हा अर्धी झाडं उकिरड्यात शेणाखाली गेली होती. मी अंगावर धावलो. अप्पांनी विळा माझ्या हातात दिला. फळीवर नाही, जमिनीवर नाही, हातात. म्हणाले, आता तुझं-माझं तुटलं तरी चालंल, पण तुझी आई गाडीत बसायची न्हाई, उरलेली तू काप. आणि मी कापली.

अप्पांनी तेल आणि चुलीतली राख घेऊन ती कात्री घासली, लख्ख केली. मग स्वतःचे हात घासायला बसले. तो चिकटा जाईना. राख लावली, तेल लावलं, माझ्याकडून साबण घेतला, दगडावर तळहात घासला. पूजेची वेळ टळत चालली होती. मी म्हटलं, अप्पा, राहू द्या आता, पूजा करून घ्या.

"ह्या हातावर लिंग कसं घेऊ, बाई?" ते म्हणाले. त्या दिवशी ते पूजा न करता, न जेवता झोपले.

दसऱ्याला सकाळीच जमादार आले. आपट्याची पानं दिली-घेतली. गल्ली आपापलं हत्यार न्यायला जमली होती, गयाबाईही होती. जमादारांनी कात्री उचलली, चालवून बघितली, नाकाशी नेली का नुसतीच डोळ्यांजवळ धरली, देव जाणे. कुणाची म्हणाले. गयाबाई म्हणाली, माझ्या घरची. काय कापता हिनं? गयाबाईनं कौतुकानं तोंड उघडलं, परसात माझ्या बालाजीनं कसली तरी—

"बेल कापतेत त्येंच्याकडं," अप्पा म्हणाले.

गयाबाईचा आ तसाच राहिला. सगळी गल्ली अप्पांकडे बघायला लागली. जमादारांनी सावकाश विचारलं, "बेलाला लोखंड चालतं का, अप्पा?"

अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती. "चालवून घ्यावं लागतंय," ते म्हणाले.

जमादारांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातांकडे. नखांच्या कडेनं काळी रेघ होती. त्यांनी कात्री घोंगड्यावर परत ठेवली, आणखी एक आपट्याचं पान अप्पांच्या हातात दिलं आणि गेले. त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

गयाबाईला मात्र जे कळलं ते भलतंच. अप्पांनी चारचौघांत तिच्यावर आळ घेतला होता, तोही महादेवाच्या झाडावरून. मठातल्या बायका तिला विचारू लागल्या, तू बेलाला कात्री लावतीस व्हय? ती रडली. दुकानापुढे उभी राहून म्हणाली, अप्पा, सगळ्यांसमोर शब्द मागं घ्या. अप्पा खाली मान घालून बसून राहिले. शब्द मागं घेतला असता तर तो संध्याकाळपर्यंत जमादारांच्या कानावर गेला असता. मी पत्र्याच्या अलीकडे पदर तोंडात धरून बसले होते, मला तिचाही राग येईना आणि अप्पांचाही. पुढच्या सोमवारी पितळी ताटली आली नाही. नंतर कधीच आली नाही. बालाजीनं जीप विकून पुण्याचा रस्ता धरला, तिकडे मालाचा टेम्पो चालवतो म्हणतात. अप्पांशी तो पुन्हा बोलला नाही.

अप्पांचं दुकान चालू राहिलं, पण त्यांनी विचारणं सोडलं. गिऱ्हाईक विळा मागायचं, अप्पा विळा ठेवायचे. पत्र्यापलीकडून ते ऐकू आलं नाही की मला कापड बेतता यायचं नाही. एकदा मी शिलाई उसवायची सुरी घ्यायला गेले. त्यांनी मुकाट्यानं फळीवर ठेवली. मीच सांगितलं, अप्पा, उसवायला पाहिजे, जरीचं काम आहे. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अप्पा, आता पोरगाही गावात नाही, झाडंही नाहीत. मी गयाबाईला खरं काय ते सांगू का?

अप्पांनी मान वर केली, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून तो प्रश्न आला.

"कशाला पाहिजे?"

मी विचार केला. खरं कळलं की तिचा पोरगा तिच्या मनातून जाणार होता. तेवढा एकच तर होता तिला. मी सुरी उचलून माझ्या दुकानात आले.

थंडी सरता सरता अप्पांना त्यांची मुलगी लातूरला घेऊन गेली आणि ते तिकडेच वारले. लातूरला जायच्या आधीच्या सोमवारी मी दुकान उघडायला आले तर ते मागच्या गल्लीत दिसले. गयाबाईच्या झाडाखाली, भिंतीच्या बाहेर, वाकून गळलेली बेलाची पानं वेचत होते. तीन पाती अखंड असलेलं एक सापडलं की धोतराला पुसायचे आणि डाव्या तळहातावर ठेवायचे. गयाबाई पाण्याची घागर घेऊन दारात आली. तिनं त्यांना बघितलं, अप्पांनीही तिला बघितलं आणि हात जोडले, तळहातातली पानं सांभाळत. तिनं दार लावून घेतलं. अप्पांनी थोडा वेळ त्या दाराकडे बघितलं आणि पुन्हा वाकले.